सळई येऊन राह्यली

दीपमालाच्या घरात गुपित म्हणून काही टिकत नसे, कारण तिचे सासरे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मेसेजला ओरडून उत्तर देत.

त्याचं असं होतं, की साहेबरावांना ऐकू येत नव्हतं. जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं लालभडक सळया चिमट्यानं धरून पुन्हा रोलमध्ये सारल्यावर कानांनी कधी राजीनामा दिला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तेव्हापासून घर त्यांच्याशी मोबाइलवर बोले. दीपमाला स्वयंपाकघरातून लिही, ‘मामा, चहा टाकू का?’ आणि ओसरीवरून आवाज येई, "टाक! साखर कमी!" टाइप करायचा त्यांना भारी कंटाळा. एकदा बेबीनंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ‘पोट साफ झालं का’ असं विचारलं, तर त्याचं उत्तर चार घरांनी ऐकलं.

अशा मोकळ्या माणसाचं बोलणं हल्ली आटत चाललं होतं. डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला, आणि राहिलेल्या उजव्यात मोतीबिंदू. दीपमाला त्यांच्या फोनवरची अक्षरं मोठी करत गेली, ती इतकी की आता स्क्रीनवर चार-पाच शब्दच मावत. तेही दिसेनासे झाले, की हा माणूस कानांनी बंद आणि डोळ्यांनीही बंद. ऑपरेशन वीस मिनिटांचं. पण त्या काट्याची दहशत अशी, की डोळ्याजवळ काही आलं की साहेबराव जागचे उठलेच. पहिल्या वेळी ते टेबलावर ताडकन उठून बसले. दुसऱ्या वेळी हिरव्या गाउनवरच थेट रिक्षा स्टँड गाठला. छाती कमजोर, त्यामुळं पूर्ण भूल द्यायला डोळ्यांच्या डॉक्टर अर्पिता तयार नव्हत्या.

"जागेपणीच करावं लागेल आणि त्यांनी हलता कामा नये," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू कडक होत चाललाय. फार दिवस नाहीत आपल्याकडे."

सगळं घर कपाळाला हात लावून बसलं. दीपमालाच्या अंगात मात्र वारं संचारलं. तिला संमोहन येत होतं!

आता ‘येत होतं’ हे तिचं म्हणणं. आष्टीची ही लेक बियाणं कंपनीत उगवण तपासायच्या कामाला होती. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, दिवस भरले की किती उगवले ते बघायचं. काम धीराचं आणि बाई उतावळी. कुठलीही नवी गोष्ट दिसली, की हिनं ती शिकलीच पाहिजे. कधी केक, कधी आरी वर्क, आणि या वर्षी रविवारच्या रविवार ऑनलाइन भरणारा संमोहनाचा वर्ग. तिच्या हाताखाली... हाताखाली कसली, अंगठ्याखाली म्हणा, एक यशही जमा होतं. सोबत काम करणारी ज्योत्स्ना नखं खायची. दीपमालानं तिला जेवणाच्या सुट्टीत मेसेज धाडून धाडून ती सवय सोडवली होती. आवाजानं संमोहन करतात, तसं लिहूनही करता येतं, असं तिचं ठाम मत. आणि बहिऱ्या माणसाला दुसरं करणार तरी कसं?

शनिवारी पाळीवरून आल्याबरोबर तिनं मामांना ओसरीवर बसवलं, स्वतः आत गेली आणि वर्गाच्या पीडीएफमधून पहिली ओळ उतरवून पाठवली. ‘शांत बसा. आता हळुवारपणे डोळे मिटा.’

साहेबरावांनी वाचलं आणि डोळे मिटले. मग दीपमालानं एकामागून एक सव्वीस मेसेज पाठवले. शरीर सैल सोडा, खांदे जड होत आहेत, मन निवत आहे. एकाही मेसेजला निळी खूण नाही! पाऊण तासानं ओसरीवरून गर्जना झाली.

"दीपा! डोळे मिटून राह्यलो म्या! म्होरं काय करायचं ते सांगशील का न्हाई?"

शेजारी भिंतीपलीकडून कुणीतरी खो खो हसलं. दीपमालानं कपाळ बडवून घेतलं. डोळे मिटलेला माणूस वाचणार कसा, हे ना पीडीएफ लिहिणाऱ्याला सुचलं होतं, ना हिला.

दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि त्यांना समुद्रकिनाऱ्यावर नेलं. ‘आपण किनाऱ्यावर विसावला आहात. लाटा येत आहेत.’

"कोन्ता समुद्र? म्या कवा गेल्तो समुद्रावर?"

‘कल्पना करा मामा.’

"बरं. चप्पल काढू का घालूनच ठिवू?"

दीपमाला फणकारत बाहेर आली. सासऱ्यांवर राग काढता येत नव्हता, म्हणून तिनं पीडीएफवर काढला. पुसूनच टाकलं ते. मग त्यांच्यासमोर बसून तिनं वैतागून विचारलं, म्हणजे लिहिलं, ‘मामा, तुम्ही जिंदगीत कुठं कधी न हलता उभे राहिले का?’

साहेबरावांनी फोन डोळ्याशी नेऊन ते वाचलं, आणि त्यांचा चेहराच पालटला.

"मिलमधी! चिमटा धरला की पाय रोवायचे. सळई सरसर येती, अन् हलला त्यो गेला. बिलकुल हलायचं न्हाई. आवाज तर असा, की बोललेलं कुनाला ऐकू येत न्हाई. मंग मागचा जोडीदार पाठीवर दोनदा थापटायचा, म्हंजी सळई आली. एकडाव दाबायचा, म्हंजी गेली. पुन्हा दोनदा. आली... गेली... आठ तास, दीपा."

आणि सांगता सांगता ते जमिनीवर पाय रोवून बसले, दोन्ही मुठी पुढं आल्या, श्वास संथ झाला. रोज ओल्या कागदावर कोंब शोधणाऱ्या डोळ्यांना हे दिसलं नसतं तरच नवल. अगं बाई, हा माणूस सत्तावीस वर्षं संमोहनातच उभा होता की! ती पटापट लिहायला लागली. पहिल्यांदा लिहिलं, ‘सळई येत आहे’. पुसलं. पुस्तकातलं ‘येत आहे’ येतं आणि संपून जातं. आपलं ‘येऊन राह्यली’ मात्र येतच राहतं, थांबतच नाही. मग तिनं घरात बोलतो तसं लिहिलं.

‘मामा, तुम्ही हे वाचून राह्यले.’

‘पाठ भिंतीला हाये.’

‘भट्टीचं दार उघडून राह्यलं.’

‘सळई येऊन राह्यली.’

‘पाय रोवलेले. तुम्ही हलून न्हाई राह्यले.’

‘ती येऊन राह्यली... येऊन राह्यली...’

प्रत्येक मेसेजला निळी खूण उमटेपर्यंत ती थांबे आणि मगच पुढचा धाडी. आधी दोन खुणांमध्ये एक श्वास जाई, मग दोन, मग चार. ओरडून उत्तर काही येईना. तिनं मान वर करून पाहिलं. साहेबरावांचा डोळा अर्धवट उघडा, नजर फोनच्या काचेवर, हात दगडासारखे स्थिर. एक माशी आली, नाकावर बसली, नाकभर हिंडली आणि कंटाळून उडून गेली. पापणीसुद्धा लवली नाही! दीपमालानं तोंडावर हात दाबला आणि जागच्या जागी तीन उड्या मारल्या.

त्यानंतर नऊ दिवस हाच उद्योग. टेबलावर त्याच डोळ्यावर काम चालणार, तिथं मेसेज वाचता येणार नाही, म्हणून तिनं मेसेजबरोबर मिलची खूणही सुरू केली. हातावर दोनदा थाप, सळई आली. एकदा दाब, गेली. दरवेळी एक-एक मेसेज कमी केला. नवव्या दिवशी फोन बंद होता, आणि नुसत्या थापेवर साहेबराव मिलमध्ये उभे होते. तिनं हेही लिहून ठेवलं होतं, की टेबलावर डोळ्याम्होरं लय उजेड येईल, तो सळईचाच उजेड हाये.

डॉक्टर अर्पितांनी सगळं ऐकून घेतलं. "मला संमोहनाचं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण हात धरायला माझी हरकत नाही. हलले तर मात्र मी लगेच थांबणार."

आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता दीपमाला टोपी-गाउन घालून टेबलाशी बसली. सासऱ्यांनी चिमटा धरावा तसा तिचा अंगठा मुठीत धरला होता. डोळा बधिर केला, दिवा आला. दोन थापा. दाब. दोन थापा. दाब. हत्यार डोळ्याशी गेलं तेव्हा तिनं स्वतःचेच डोळे घट्ट मिटून घेतले. पण अंगठ्याभोवतीची मूठ तशीच होती, शांत आणि कोमट. अठरा मिनिटं! साहेबराव केसभरही हलले नाहीत.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजही जरा चढला होता. "कमाल आहे हो. आता उठवा त्यांना."

दीपमालानं डोळे उघडले. उठवायचं कसं? आत न्यायला हिनं शंभरावर मेसेज लिहिले होते, बाहेर आणायला एकही नाही! घरी ते आपोआप भानावर येत, चहाचा वास आला की येत. वर्गात परतीचा धडा शेवटच्या रविवारी होता, आणि त्या रविवारी ही बाई मामांना समुद्रावर नेण्यात गुंतली होती. तिनं दोनदा थापटलं. मूठ आणखी घट्ट झाली. दाबलं. तसंच. हलवून जागं करावं, तर दचकून हात ताज्या डोळ्यावर बसायचा. श्वास संथ चाललेला, नाडी बराबर, फक्त माणूस पाळीवर होता.

"ह्यांना बोलवा! जल्दी!" ती नर्सला म्हणाली.

तिचा नवरा धम्मपाल, टेम्पो बाहेर लावून बसलेला, धावत आला. तिनं रडकुंडीला येऊन सांगितलं, "मामा मिलमधून येऊन न्हाई राह्यले."

धम्मपालनं क्षणभर बापाकडं पाहिलं. शाळेत असताना तो पाळी बदलायच्या वेळेला डबा पोचवायला जाई, आणि तिथं चिमटा एकाकडून दुसऱ्याकडं कसा जाई, ते त्यानं कित्येकदा पाहिलं होतं. तो मागून गेला. बापाच्या उजव्या खांद्यावर त्यानं हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग दुसऱ्या हातानं मुठीची बोटं एक-एक करून सोडवली, दीपमालाचा अंगठा मोकळा केला, आणि कुणी जड वस्तू हातातून घेतं तशी ती मूठ सावकाश आपल्याकडं घेतली.

साहेबरावांनी लांब श्वास सोडला. अंग सैल पडलं.

"आलास का?" ते नेहमीसारखे ओरडले. "घे. माझी पाळी झाली."

नर्स दचकली. डॉक्टर अर्पिता हसत सुटल्या. दीपमाला तिथंच टेबलाला टेकून हसत होती आणि रडतही होती, आणि कुणाला काय वाटेल याची तिला त्या घडीला काडीचीही पर्वा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तक्त्यावरची अक्षरं साहेबरावांनी वरून खाली वाचली, ती इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. मग त्यांनी थांबायचं नावच घेतलं नाही. थेंबांच्या बाटलीवरचं वाचलं, भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी ठणाणा वाचली, डॉक्टरांच्या खिशावरचं नाव वाचलं. बेबीनंदाबाई त्यांच्या बाहीला धरून ओढत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दीपमालानं सवयीनं फोन काढला आणि लिहायला लागली, ‘मामा, नीट दिसून...’ साहेबरावांनी तिच्या फोनवर हात ठेवला. पाहिलंच नाही तिकडं. ते तिच्या तोंडाकडं बघत होते.

"लिहू नको," ते म्हणाले, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू होता. "बोल. तुझे ओठ दिसून राह्यले मला."

तिनं फोन खाली केला.

"मामा," एवढंच ती म्हणाली.

"ओ," साहेबराव म्हणाले.