पाण्यात डोकं घालणारा महिपती

महिपतीचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाती. भीमेच्या उतारावर, जिथनं बैलगाड्या नदी वलांडायच्या तितं, ह्यो कोळी जलमभर ठाण मांडून बसला. एक कान वाहायचा, दुसऱ्यानं अर्धा बहिरा. हाक मारली तर 'आँ?' करायचा. आन् ह्यो म्हणं पाण्याखालचं ऐकतो!

पूर वसरला की ह्येची मिजास बघावी. बायकांचं धुणं बंद, बैलं पाण्याभाईर. ह्येचा भाऊ बिरू पल्याड पाण्यात दगडावर दगड आपटायचा आन् ह्यो अल्याड डोकं बुडवून ऐकायचा. तळाला मुरूम असंल तर आवाज खणखणीत येतो, गाळ असंल तर दबका. गाळ कुजून त्यात वारा धरला, तर आवाजच मरतो. तितं गाडी घालायची न्हाय. असं त्येचं शास्तर. आमी बाया धुण्याचे पिळे हातात धरून शिव्या घालायचो.

चौतीस साली माझी लेक नकोशी बाळंतपणात अडली. दाक्तर नदीपल्याड, इंदापुरात. मालकांनी गाडी जुंपली, तर उतारावर महिपती आडवा.

"आवाज मेलाय, वैनी. खालच्या उतारानं जावा."

खालचा उतार दीड कोस! मालकांनी काठी खुपसली, तळ टणक लागला.

"मुडद्या, हितं टणक हाय की!" मी किंचाळले.

"वरची खपली हाय ती."

गेल्या साली आमच्या बैलांनी त्येची टरबुजाची वाडी तुडवली व्हती. त्येचाच वचपा काढतोय, दुसरं काय? पण मालकांनी कच खाल्ली आन् गाडी फिरवली.

खालच्या उतारापाशी नातू झाला. रडला न्हाय. लेक तेवढी वाचली.

तिसऱ्या दिवशी मी एकटी उतारावर गेले. ह्येचं खोटं उघडं पाडायचं आन् ह्येला चावडीवर उभा करायचा. दहा पावलं टणक लागलं. म्हनलं, बघा! अकराव्याला खपली फुटली, बुडबुडं वर आलं, घाण वास सुटला आन् मी छातीपतूर आत. हलावं तितकी खाली जाया लागले. महिपती फळीवर पोटानं सरपटत आला, काखेत दोर घातला, वढून काढलं मला.

काठावर आले आन् त्येच्या थोबाडीत दिली. दुसरी दिली. मेला खरा निघाला! लबाड असता, तर माझा नातू कुणी मारला हे तरी मला सांगता आलं असतं.