खिडक्या लावून शिकवलेला नाच

लोहाऱ्यात बियाण्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिच्या तिन्ही खिडक्या कायम बंद असतात, अगदी एप्रिलमध्येही. आत तीसेक मुली भरतनाट्यम शिकतात आणि मी लाकडी ठोकळ्यावर काठी आपटत ताल देते. खालून खताचा वास येतो, वर पत्रा तापतो. बाहेरच्या पाटीवर ‘संस्कार व व्यायाम वर्ग’ असं लिहिलंय. नाच हा शब्द पाटीवर कुठंच नाही. तो मीच लिहू दिला नाही.

सोलापुरात नऊ वर्षं नाच शिकून, लग्न होऊन मी इथं आले. वर्ग काढायचं ठरलं तेव्हा घरोघरी गेले. प्रत्येक घरात चहा मिळाला आणि चहा संपला की तोच प्रश्न यायचा. गल्लीतल्या एका आजोबांनी तो आडवळण न घेता विचारला, “पोरी नाचवायच्या म्हंजी, जत्रंतल्यावानी का?”

माझं डोकं फिरलं. पण डोकं फिरवून मुली मिळत नाहीत, म्हणून मी गोड हसले आणि शब्द दिला. मुली स्टेजवर जाणार नाहीत. पायात घुंगरू बांधणार नाहीत. खिडक्या बंद राहतील. हा व्यायाम आहे, यानं पाठ सरळ होते, अभ्यासात लक्ष लागतं. वर्षा-दोन वर्षांत लोकांची भीड चेपेल, मग बघू, असा माझा हिशेब होता. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

चौदा वर्षं झाली. भीड काही चेपली नाही. उलट ‘बाई शब्दाच्या पक्क्या’ असं माझं नाव झालं आणि त्या नावावरच आया मुलींना आणून सोडायला लागल्या. मुली सात-आठ वर्षांच्या असताना येतात, सोळा-सतराव्या वर्षी जातात. तेवढ्या वर्षांत त्यांचा नाच मी सोडून कुणी पाहत नाही. शाळांमधून कार्यक्रमाची बोलावणी येतात, मी काहीतरी सबब सांगते. वर्गाचं ध्येय काय, असं कुणी विचारलं की मला घाम फुटतो.

त्यातच एक मुलगी मोठी झाली. आठ वर्षांची असताना आली होती, आता सोळाची. गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत उभी राहिली की आवर्तनामागून आवर्तनं जायची, पण मांडी थरथरायची नाही. कृष्णाला लोणी भरवणारी यशोदा ती चेहऱ्यावर आणायची, तेव्हा लहान मुली आपले पाय थांबवून बघत बसायच्या. मलाही त्यांना रागवावंसं वाटायचं नाही. गेल्या हिवाळ्यात धाराशिवला नृत्यस्पर्धा होती. तिनं अर्ज स्वतःच भरून आणला आणि सहीसाठी माझ्यापुढं ठेवला.

“बाई, एकदाच,” ती म्हणाली. “मला कुणीतरी बघू दे.”

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी परवानगी मागायला गेले. वडील तहसीलमध्ये कारकून, माणूस सज्जन. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, तुमच्यावर राग न्हाय आमचा,” ते म्हणाले. “पर म्या पोरगी नाचाला धाडलीच न्हाय. तुमच्या शब्दावर धाडली. तुमी शब्द माघारी घ्या, म्या पोरगी माघारी घेतो. बाकीच्यांचं ते बघतील.”

धमकी नव्हती ती. पण सकाळपर्यंत तीस घरांत हे पोचणार आणि खोली रिकामी होणार, हे मला तिथंच दिसलं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी म्हणाले, “राहू द्या. शब्द आहे तो आहे.” मग चहा प्यायले. रिकामा कप तिनं माझ्याकडं न बघता उचलला.

परत येताना मी त्या माणसाला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. एसटी स्टँडपाशी आल्यावर त्या संपल्या, कारण तो माझंच वाक्य मला परत ऐकवत होता. हे कुलूप मी घातलेलं होतं आणि आत तिला कोंडलं होतं. मला स्वतःची चीड आली.

आठ दिवसांनी ती वर्गात आली. स्पर्धेचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. हळूहळू ती लहान मुलींना शिकवायला लागली.

जूनमध्ये एक नवी आई मुलीला घेऊन जिना चढून आली. दारातच तिनं विचारलं, “स्टेजवर न्हाय ना नाचवणार?”

चौदा वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर आहे. त्या दिवशी मात्र तोंडच उघडेना. तेव्हा लहान मुलींना ताल देत असलेल्या माझ्या त्या सोळा वर्षांच्या मुलीनं हातातली काठी खाली ठेवली आणि पुढं येऊन गोड हसली.

“न्हाय, मावशी. घुंगरू न्हाय, स्टेज न्हाय. व्यायाम हाय. पाठ सरळ व्हते.”

ते हसू माझं होतं, ओठांच्या कडेसकट. चेहऱ्यानं बोलायचं कसं ते मी तिला आठ वर्षं शिकवलं होतं, आणि परक्या माणसापुढं तिनं केलेला पहिला अभिनय हा होता. त्या बाईला तो खरा वाटला. तिनं मुलीच्या चपला काढून दाराबाहेर ठेवल्या.