ओढा उजव्या हाताला

बाजारात त्याला सगळे उलटे पेंटर म्हणत. ते आडनाव नव्हतं, धंदा होता. दुकानांच्या काचेच्या दारांवर तो आतल्या बाजूने रंगवायचा, म्हणजे पावसाने रंग जात नाही. आणि बाहेरून सुलटं वाचता यावं म्हणून आतून प्रत्येक अक्षर उलटं काढायचा. चाळीस वर्षांत एक वेलांटी चुकली नाही. बायको म्हणायची, "माणूसही तसाच आहे. बसा म्हटलं की उठणार."

आता बाहेरची कामं बंद होती. सात महिने घरातल्या जेवणाच्या टेबलावर एकच मोठी काच पडून होती आणि नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. त्या काचेवर तो आपलं गाव रंगवत होता. गाव आता नव्हतं. टेकडीवर दगडाची खाण निघाली आणि घरं उठवली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. निघायच्या दिवशी त्याने दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. चौदा वर्षांच्या अक्काने त्याचं एकेक बोट सोडवलं आणि त्याला ओढत ट्रकपर्यंत नेलं. ते तो विसरला नव्हता. तिला कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

आणि आता सगळी घाई अक्कासाठीच होती. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. वर्ष संपेपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी तिने एकदा गाव पाहावं, यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

काचेवरचं काम उरफाटं असतं. जे सर्वांत पुढे दिसायचं ते आधी रंगवायचं, आभाळ शेवटी. म्हणून आधी अंगणातला दगडी कट्टा, मग पायवाट, ओढा, टेकडी. उंबऱ्यात उभं राहिल्यावर दिसायचं तसं. पण काच उभी करून पुढून पाहिली की त्याला काहीतरी खुपायचं. सगळं होतं, तरी आपण परक्या गावात आलोय असं वाटायचं. टेकडीचा हिरवा त्याने खरवडून पुन्हा लावला. ओढ्याचा निळा दोनदा बदलला. आपण गाव विसरलो की काय, ही शंका त्याला सोडेना. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मी कुठे पाहिलंय तुमचं गाव? सात महिने मी माझं टेबल पाहिलेलं नाही."

रविवारी सकाळी अक्का आली. त्याने काच कपाटासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. अक्का खाली बसली आणि काचेला नाक लावून इंच इंच पाहत गेली. कट्ट्यावर बोट ठेवून हसली. मग थांबली.

"हे आपलं नाही रे."

"तुला नीट दिसत नाही, अक्का!" तो ओरडला, आणि लगेच जीभ चावली.

"दिसत नाही, पण आठवतं ना," अक्का शांतपणे म्हणाली. "घरातून निघालं की ओढा उजव्या हाताला. शाळेत जाताना ऊन त्या बाजूने यायचं, या गालावर." तिने उजव्या गालावर हात ठेवला. "तू तो डावीकडे काढलायस."

त्याने पाहिलं. ओढा डावीकडे, टेकडी उजवीकडे, सगळंच उलटं. काचेवर अक्षरं असती तर हात आपोआप उलटा चालला असता. पण गावात एक पाटी नव्हती, एक अक्षर नव्हतं. मग मागून रंगवताना हाताने आठवलं तसं सरळ काढलं, आणि पुढून ते फिरलं. काच फिरवून ठेवावी तर मागून शेवटी मारलेलं आभाळच दिसणार. पुन्हा काढायचं तर आणखी सात महिने. अक्काकडे तेवढे नव्हते.

"आयुष्यभर लोकांची दुकानं रंगवली," तो मटकन खाली बसत म्हणाला, "आणि आपलं एक गाव धड काढता आलं नाही मला." त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने काचेकडे पाहिलं, मग कपाटाचं दार उघडलं. दाराला आतून अंगभर आरसा होता.

"रडताय काय? इकडे बघा."

तो उठला. मिटू पाहणारं दार त्याने हाताने धरून ठेवलं, दुसऱ्या हाताने अक्काला उठवून काचेकडे पाठ करून उभं केलं.

"मला इतक्या लांबचं नाही दिसत," अक्का म्हणाली. "तू सांग."

"ओढा उजव्या हाताला," तो म्हणाला. "टेकडी डावीकडे. आहे तिथेच आहे."

"आणि आपण?"

"अंगणात. मधोमध."

अक्काने चाचपडत त्याचा दंड धरला. मग मनगट, मग दारावर आवळलेली बोटं. एकेक बोट तिने हाताने पाहिलं.

"धर घट्ट," ती म्हणाली. "या वेळी नाही सोडवणार."