हुमाची निकेलची भुकटी

हुमाला लहानपणापासून खोडच ती. दूध नासलंय म्हणून सांगितलं तरी ही बया बोट बुडवून चाखणार, तोंड वाकडं करणार, मगच मानणार. उदगीरला तिची अम्मी अमीरबी शिलाई मशीनवरून ओरडायची, "अगं, कुणाचं तरी ऐकत जा की!" गल्लीला काळजी, हिचं लग्न कसं व्हायचं. अन् हिनं काय केलं? लातूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागली, वर दर रविवारी पहाटेची एसटी धरून नांदेडला पीएचडी करायला पळू लागली. घ्या!

काम तिचं नाजूक. निकेलच्या अणूभोवती दुसरे रेणू जोडायचे, अन् निकेलचा हात नेमका कितीजणांनी धरलाय ते ओळखायचं. ओळखायच्या तऱ्हा दोन. एक, भुकटीवर उजेड टाकून ती कुठला रंग गिळते ते स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या मशीनवर बघायचं. दुसरी, भुकटी काचेच्या नळीत बंद करून तराजूला टांगायची, खाली चुंबक. चुंबकानं ओढली तर वजन वाढतं, न्हाई तर न्हाई. दोन्हींचा जवाब एकच यायला पाहिजे.

हुमाचा येईना! मशीन म्हणे, सहाजणांनी धरलाय, म्हणजे चुंबकानं ओढायलाच पाहिजे. तराजू म्हणे, छे, चौघंच, ओढणार न्हाई. एप्रिलपासून पाच रविवार हेच भांडण.

त्या रविवारी तिचे गाईड बसवराज सर वैतागले. "हुमा, एक तर तुझी भुकटी भेसळीची, न्हाई तर हात. आज जुळलं न्हाई तर हे काढ प्रबंधातून."

दीड वर्ष खपून बनवलेली भुकटी! हुमा तडक उठली. मशीनच्या खोलीतच तिनं नळी भरली, बूच घट्ट बसवलं, उजेड लागू नये म्हणून नेहमीसारखा काळा कागद गुंडाळला, अन् मागच्या, तराजूच्या खोलीत आली.

मशीनच्या खोलीला एसी. अख्ख्या विभागात एकच, तोही मशीनसाठी, माणसांसाठी न्हाई. तराजूच्या खोलीला पत्रे. वाऱ्यानं नळी हलते म्हणून पंखासुद्धा बंद. मे महिन्यातली दुपार, बाहेर त्रेचाळीस. तिथं माठाशेजारी स्टूल टाकून लॅबमधले जुने शिपाई मडिवाळप्पा बसलेले.

नळी टांगून हुमा घाम पुसत अर्धा तास थांबली. आकडा घेतला. पुन्हा तेच! चिडून तिनं नळी ओढून काढली, तसा कागद टर्रकन फाटला.

"बाई," मडिवाळप्पा म्हणाले, "सकाळी तुमची भुकटी हिरवी होती की. ही नारंगी कुनाची आनली?"

"काहीतरीच, मामा. उन्हानं डोळे..." म्हणत हुमानं नळीकडं बघितलं. नारंगी. चक्क संत्र्यासारखी!

पाच रविवार बाईसाहेबांनी नुसते आकडे बघितले होते बरं का, कागदाच्या आत डोकावल्या न्हाईत. दूध मात्र चाखून बघायचं!

तिनं बूच तपासलं. घट्ट. म्हणजे बाहेरून काही आत गेलं न्हाई, आतलं काही उडालं न्हाई. मग तिनं माठावरचं झाकण काढलं.

"ओ बाई! प्यायचं पानी हाय ते!"

"नळी बंद आहे मामा, दुसरं भरून देते!"

नळी पाण्यात गेली. दोघांची डोकी माठावर आपटता आपटता वाचली. खालून हिरवं चढायला लागलं. हुमानं नळी पुसून तापलेल्या पत्र्याच्या भिंतीला टेकवली. हळूहळू नारंगी! पुन्हा माठात. हिरवी!

"अगंगं, सरडा हाय का काय?"

"सर!" हुमा ओढणी सावरत पळाली. "सर, दोन्ही खरे आहेत! एसीत सहाजण धरतात, उकाड्यात दोघं सोडून देतात!"

सरांनी नळी घेतली. स्वतः दोनदा माठात बुडवली. तिसऱ्यांदाही बुडवली, आता ती नुसती हौस. मग मशीनच्या खोलीत जाऊन त्यांनी भुकटी मशीनला लावली, एसी बंद केला अन् खिडक्या सताड उघडल्या. उन्हाची झळ आत घुसली. सर, हुमा अन् मागोमाग आलेले मडिवाळप्पा, तिघं घामानं निथळत पडद्यासमोर उभे. थर्मामीटर चढत गेला, तसे आलेखातले जुने उंचवटे बसत चालले, अन् भलत्याच जागी एक नवा उभा राहिला.

"काढू का सर, प्रबंधातून?" हुमानं साळसूदपणे विचारलं.

"गप बस," घसरलेला चष्मा वर ढकलत सर म्हणाले, "अन् पस्तीसच्या पुढं दर अंशाला एक आलेख घे."