बेल्टेनच्या जाळापुढे एक बोंब

माझे वडील, डॉ. शशी दामले, १९७२ साली गुहागरहून लेस्टरला आले आणि तिथल्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर होते. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. फक्त होळीला त्यांची तगमग व्हायची. मागच्या बागेत बार्बेक्यूच्या निखाऱ्यांवर पुरणपोळीचा तुकडा आणि नारळ ठेवायचे, उलटा हात तोंडापर्यंत न्यायचे, आणि आई म्हणायची, "अहो, शेजारचे पोलीस बोलावतील." हात खाली यायचा. पन्नास वर्षं त्या माणसाने शिमग्याची बोंब गिळली.

आई गेल्यावर ते आमच्याकडे, केंब्रिजजवळच्या खेड्यात राहायला आले. आम्हाला इथे दोन वर्षं झाली होती, पण गावात कोणी 'हॅलो'च्या पुढे गेलं नव्हतं. म्हणून गावातल्या साराने तिच्या शेतावर बेल्टेनला बोलावलं तेव्हा मी हरखलोच. बेल्टेन म्हणजे उन्हाळ्याचं स्वागत, ख्रिस्ती धर्माच्याही आधीचं. पूर्वी दोन जाळांमधून गुरं नेत, म्हणजे ती रोगराईतून वाचत आणि त्यांना भरपूर वासरं होत. मूल हवं असलेली जोडपी हातात हात घालून निखाऱ्यांवरून उडी मारत. साराकडे गुरं नव्हती; दोन कुत्री आणि एक शेळी होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपली होळीच की."

माझी बायको देविका ड्यूटीवर होती, तेव्हा आम्ही दोघंच निघालो. वाटेत मी त्यांना नीट वागायला सांगितलं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला.

शेतावर तीसेक माणसं होती, डोक्यावर पानाफुलांच्या माळा. सूर्य टेकला तसं साराने सगळ्यांना गप्प केलं; जाळ नीट धरेपर्यंत कोणी बोलायचं नाही. फांद्या तडतडल्या, ज्वाळा वर गेली, आणि माझ्या शेजारून बोंब उठली. तोंडावर उलटा हात मारत, खणखणीत, थेट गुहागरची. शेळी दावं तोडून पळाली. तीस माथी आमच्याकडे वळली.

तिथेच मी शेण खाल्लं. साराकडे बघून, कसनुसं हसत म्हणालो, "सॉरी, ही गेट्स कन्फ्यूज्ड. डिमेन्शिया."

बाबांना डिमेन्शिया नाही. ते इंग्रजी शब्दकोडं पेनाने सोडवतात.

सारा बिचारी भली बाई. तिने त्यांचा हात धरला, लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश आणि मोठ्याने बोलली, खुर्चीत बसवून गुडघ्यांवर ब्लँकेट टाकलं. बाबा 'थँक यू' म्हणाले. दहा मिनिटांत ढोल वाजू लागले, आणि आता हवं तेवढं ओरडा, असं साराने जाहीर केलं. लोक घसा फाटेपर्यंत ओरडले. दोन-तीन जण तर उलटा हात तोंडावर मारून बघत होते. बाबा ब्लँकेटखाली हात ठेवून बसून राहिले. आधी मला त्यांची लाज वाटली होती, आता स्वतःची वाटत होती, आणि तरीही उठून साराला खरं सांगायला जीभ रेटेना.

परतताना अर्धी वाट आम्ही चालून आलो. मग ते म्हणाले, हॉस्पिटलात ते पेशंटांची स्मरणशक्ती तपासायला दहा प्रश्न विचारत, आज स्वतःलाच विचारून बघतात. मी नको म्हणालो. त्यांनी वॉर्डातल्या आवाजात सुरुवात केली.

"वय एक्याऐंशी. आज शनिवार, तीन मे, दोन हजार पंचवीस. वेळ साधारण नऊ. पहिलं महायुद्ध एकोणीसशे चौदा."

असं करत ते वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे मोजायला लागले, प्रत्येक पावलाला एक. एकही चुकला नाही. मी मागून चालत होतो. माफी मागायचं मनात होतं, पण मध्ये बोललो असतो तर त्यांचा हिशेब चुकला असता, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

देविका घरी पोहोचली होती. तिने दार उघडलं.

"शेवटचा प्रश्न," बाबा उंबऱ्याशी थांबून म्हणाले. "समोरची दोन माणसं ओळखा. ही देविका, माझी सून."

मग वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"दहापैकी नऊ," ते म्हणाले. "हा काही ओळखू आला नाही."