दुसऱ्या गिअरचा आवाज

"पाय, आजबी रडतच आली गाडी."

स्वयंपाकाच्या बाई मागच्या अंगणात चौकीदाराशी बोलत होत्या. मी आत, दाराच्या आड उभी होते.

"गाडी कायले रडन?" चौकीदार म्हणाला. "मोठी ताई रडते थे. बाईसाहेब रोज तिलेच तर ऐकाले जातेत."

"हळू बोल ना! लहान ताई घरी हाये."

लहान ताई म्हणजे मी. मी घरी असले की सगळेच हळू बोलत, किंवा बोलतच नसत.

ताई गेल्याची बातमी मला नागपूरला मिळाली, कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, परीक्षा संपल्यावर. मदरनी माझा हात हातात घेऊन इंग्रजीत सांगितलं आणि मीही इंग्रजीतच त्यांचे आभार मानले. गडचिरोलीला घरी आले तेव्हा ताईची खाट उचललेली होती आणि तिच्या खोलीला नवा चुना दिला होता. मराठीत ती बातमी मला कोणी सांगितलीच नाही. आणि विचारायचं कसं, ते मला येत नव्हतं.

इकडचंतिकडचं कानावर पडून जे कळलं ते एवढंच. ताईचा ताप उतरेना, म्हणून आईबाबा तिला आमच्या छोट्या गाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात निघाले. मागच्या सीटवर ताईचं डोकं आईच्या मांडीवर होतं. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून गाड्या पलीकडे जात. तिथे गाडीला खालून काहीतरी जोरात लागलं. पुढे सावली गाव ओलांडल्यावर बाबांनी गाडी परत फिरवली. मधल्या वाटेवर काय झालं ते त्या दोघांनाच ठाऊक होतं.

गाडीचा आवाज त्या दिवसापासूनचा. दुसऱ्या गिअरमध्ये घातली की खालून एक बारीक, लांबट कण्हणं सुरू व्हायचं. वेगाबरोबर ते चढत जायचं आणि तिसरा गिअर पडला की मध्येच तुटायचं. आई रोज संध्याकाळी बाबांना म्हणायची, "नदीपर्यंत जाऊन येऊ." ती मागे बसायची, एकटी, आणि एक हात मांडीवर ठेवायची. चढणीवर आवाज सुरू झाला की डोळे मिटायची. बाबा आरशात पाहत नसत.

मी पुढे बसायचे. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हते. तरीही चढणीच्या मध्यावर, एका ठरावीक जागी, तो आवाज असा वळायचा की माझ्या अंगावर काटा यायचा. लहानपणी मी झोपलेल्या ताईला हलवायचे तेव्हा ती तशीच कण्हायची. तिसरा गिअर पडू नये असं मलाही वाटायचं.

बाबांचा लाकडाच्या ठेक्याचा ट्रक दुरुस्त करायला चांद्याहून एक मिस्त्री आला होता. गोरापान, मेंदी लावलेल्या दाढीचा, बडबड्या. तो निघताना बाबा छोट्या गाडीकडे बोट करून म्हणाले, "हिच्याकडेही बघून घ्या जरा."

गाडी कडुनिंबाखाली उभी होती. मिस्त्रीने गाडीतली पुढची चटई गुंडाळली. खाली लाकडी फळीत एक झाकण होतं. बाबा दर रविवारी इंजिनाचं तेल पाहत, रेडिएटरचं पाणी पाहत. पण या झाकणाच्या स्क्रूंवर माती घट्ट बसली होती. मिस्त्रीने झाकण काढलं, गिअरबॉक्समधली मापाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली आणि उन्हात धरली.

"हे पाहा भाऊ. तेल टोकालेच लागलं फक्त. काऊन, उपास धरला का गाडीनं?"

मग तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. खालून त्याचा आवाज आला, "गोटा लागला हाये इथी. नट हालला. तेल पाझरून राह्यलं, अन् तुम्ही चालवून राह्यले!"

"हो," बाबा म्हणाले. "नदीत लागला तो."

त्या दिवसाबद्दल बाबांनी माझ्यासमोर उच्चारलेले ते पहिले शब्द.

आई ओसरीवर येऊन उभी राहिली होती. "काय झालंय तिला?"

"काई नाई बाई, तेल संपलं," मिस्त्री कपडे झटकत म्हणाला. "असंच चालवलं तं एखाद दिवशी भर जंगलात गिअरचे दात तुटतीन. मंग बसा वाघोबासंगं गप्पा मारत!"

"तेल भरलं की आवाज जाईल?"

"जाईन तं!" त्याला वाटलं, ती तक्रारच करते आहे. "सशावानी गुपचूप चालन गाडी. माही जबाबदारी."

आईने ओसरीचा खांब धरला. त्याच्या हातातल्या पट्टीकडे ती पाहत राहिली. मग बाबांना म्हणाली, "तुम्हाला जंगलात जावं लागतं," आणि आत गेली.

"भरू ना, भाऊ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"भरा," बाबा म्हणाले.

मिस्त्रीने नट आवळला आणि काकवीसारखं दाट तेल हळूहळू आत सोडलं. त्याचा उग्र वास गाडीत भरून राहिला.

संध्याकाळी आई येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. नेहमीसारखी मागे बसली, मांडीवर हात ठेवला. आम्ही नदीपर्यंत गेलो, वळलो, चढणीला लागलो. बाबांनी दुसरा गिअर टाकला.

काहीच नाही. मुरुमावर चाकं करकरत होती, एवढंच. ती ठरावीक जागा आली आणि मागे गेली.

"जरा हळू घ्या," आई म्हणाली.

बाबांनी हळू घेतली.

"अजून हळू."

गाडी थरथरली, दोन आचके दिले आणि बंद पडली. बाबांनी ब्रेक ओढला. ते किल्लीला हात लावेनात. आई पुढे वाकली होती, तिचं कपाळ माझ्या सीटच्या पाठीला टेकलं होतं. ती अजून ऐकत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आता गाडी सुरू झाली आणि आम्ही घरी गेलो, की या घरात ताईबद्दल पुन्हा कोणी बोलणार नाही, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. आजवर तो आवाज तरी होता. मी सीटवर गुडघे टेकून मागे वळले आणि आईचा मांडीवरचा हात धरला.

"आई," मी म्हणाले, "नदी ओलांडताना ताई काय म्हणत होती? मला सांग."