झाकण काढलेला काळोख

दसऱ्याच्या सकाळी माझा कॅमेरा इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आईच्या शिलाई मशीनशेजारी टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पहिल्या सिनेमाचं शूटिंग होतं. तोवर मी लग्नं आणि द्राक्षांच्या औषधांच्या जाहिराती शूट करत आले होते. दिग्दर्शक मुंबईचा. "पहिला दिवस बघू, मग पुढचं ठरवू," असं त्याने मला स्वच्छ सांगितलं होतं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला मिट्ट अंधारातही काहीबाही दिसत असतं. बारीक ठिपके, पुसट रेघा. आम्ही त्याला नॉईज म्हणतो. तो कमी करायचा तर लेन्सवर झाकण लावून, कॅमेरा नीट तापू देऊन त्याला नुसता काळोख दाखवायचा. त्या काळोखात जे दिसेल ते तो स्वतःचा दोष म्हणून लक्षात ठेवतो आणि पुढे प्रत्येक चित्रातून वजा करतो. दुकानदार आधी रिकामं भांडं तोलून घेतो, तसंच. याला अर्धा तास लागतो. ते सुरू करून मी झेंडू आणायला खाली गेले. परत आले तर स्क्रीनवर काम झाल्याची खूण होती आणि कॅमेऱ्याला हळदकुंकू लागलं होतं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये, द्राक्षं निवडून पेट्या भरायच्या शेडमध्ये, पोचलो. द्राक्षांचा हंगाम अजून लांब, म्हणून शेड रिकामी. "ताई, आजच्या दिवस मोकळी हाय, उद्या टोमॅटोचे क्रेट येणार," वॉचमनने आल्या आल्याच बजावलं.

नायिका अंधारात एकटी बसलेली, असा शॉट होता. मॉनिटरवर तिच्या कपाळाशी एक काळसर गोल डाग दिसत होता. लेन्स पुसली, मग बदलली. डाग जागचा हलेना. दिग्दर्शक जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मुंबईहून दुसऱ्या कुणाला बोलावू का?" ओरडला असता तर परवडलं असतं.

मी घरी फोन लावला. झाकणाला कुणी हात लावला होता का, एवढंच विचारलं.

"हो, मीच काढलं होतं ओवाळताना," आई म्हणाली. "तोंड झाकून कुणाला ओवाळतात का? लगेच लावलं की परत."

निरांजनाचा उजेडही कॅमेऱ्याने आपलाच दोष समजून मनावर घेतला होता आणि आता तो इमानाने वजा करत होता.

मी मुळातच तापट. सगळ्या युनिटसमोर आईला फाडफाड बोलले. "तुझ्या असल्या खुळांपायी माझं काम जाईल. यापुढे माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही!" कॅमेरा तसाच सोडून, आईला एका शब्दाने न सांगता मी खाली गेले होते, ही चूक माझीच होती. ते मला बोलतानाच कळत होतं, म्हणून तर आवाज आणखी चढला. आई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

झाकण लावून, त्यावर काळं कापड टाकून मी पुन्हा अर्धा तास काळोख दाखवला. सगळं युनिट चहा पीत थांबलं. डाग गेला, शॉट मिळाला. निघताना दिग्दर्शक म्हणाला, "उद्या सातला या." सिनेमा मी पूर्ण केला. घरी मात्र त्या फोनचा विषय मी काढला नाही, आईनेही काढला नाही.

पुढच्या दसऱ्याला आईने शिलाई मशीनची पूजा केली, स्कूटरची केली, मिक्सरलाही फूल वाहिलं. मग ताम्हण घेऊन कॅमेऱ्यापासून चार हात लांब उभी राहिली.

"चालेल ना गं? इथूनच ओवाळते. हात नाही लावत."

माझ्या आईने जन्मात कधी मला कशाची परवानगी विचारली नव्हती. मला फार लाज वाटली. जवळ ये, माझं चुकलं, असं म्हणायचं होतं. मी "हो" म्हणाले, आणि तिने लांबूनच ओवाळलं.